डॉ. सिसिली साँडर्स : अखेरच्या दिवसांची डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाचे एक जुने सभासद गेले. घरच्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही चार-पाच जण, रोज संध्याकाळी बागेत फिरणारे, आठवड्यातून दोनदा त्यांना भेटायला जात होतो. पोटाचा कर्करोग होता. एका मोठ्या रुग्णालयाने आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या, असे सांगून पाठवले होते. आजाराचे नाव घरात कोणी घेत नव्हते. बाबांना माहीत नाही, काही बोलू नका, असे मुलाने आम्हाला दारातच सांगितले होते. त्यामुळे आम्ही गणेशोत्सवाची वर्गणी आणि क्रिकेट यांवर बोलून उठायचो. ते भिंतीकडे तोंड करून, दात आवळून पडलेले असत. शेवटच्या तीन आठवड्यांत तर त्यांचे कण्हणे जिन्यापर्यंत ऐकू यायचे.

ते गेल्यावर महिन्याभराने आम्हाला कळले की त्या दुखण्यावर औषध होते. ते जुने होते, स्वस्त होते आणि आपल्याच हैदराबादेत, रेड हिल्सला मिळत होते. त्यांच्या घरच्यांना हे कोणी सांगितले नाही. आम्हालाही माहीत नव्हते. तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत आहोत. वाचता वाचता एका बाईंच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. ते आपल्या सर्व सभासदांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

बुजरी, उंच मुलगी

सिसिली साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे झाला. वडील गॉर्डन साँडर्स जमीन-मालमत्तेच्या व्यवहारात होते आणि घरात पैशाची ददात नव्हती. सिसिली थोरली, पाठीवर दोन भाऊ. मात्र आई-वडिलांचे फारसे पटत नसे आणि पुढे दोघे वेगळे झाले. सिसिलीला रोडीन या नामांकित निवासी शाळेत घातले. ती वर्गातल्या मुलींपेक्षा खूप उंच होती, बुजरी होती, आणि शाळेत तिला एकटे पडायला झाले. बाजूला पडलेल्या माणसाचे काय होते हे त्या तिथे शिकल्या, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

१९३८ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. विषय होते राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र. पण वर्षभरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुस्तकात लक्ष लागेना. १९४० मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड सोडले आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काढलेल्या परिचारिका विद्यालयात प्रवेश घेतला. हे काम त्यांना मनापासून आवडले. पण पाठीचे दुखणे उद्भवले आणि ते इतके वाढले की रुग्णांना उचलणे, कुशीवर वळवणे अशक्य झाले. शिक्षण पुरे झाले आणि नोकरी मात्र करता येईना.

दुसऱ्या कोणी तिथेच हात टेकले असते. सिसिलीबाई ऑक्सफर्डला परत गेल्या, पदवी घेतली आणि रुग्णालयातील समाजसेविकेचे प्रशिक्षण घेतले. त्या काळी या पदाला आल्मोनर म्हणत. गरीब रुग्णाच्या घरची परिस्थिती पाहणे, मदतीची सोय लावणे, घरी गेल्यावर त्याचे काय होणार याची चौकशी करणे, असे ते काम. याच सुमारास, १९४५ मध्ये, त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्माविषयी गाढ श्रद्धा निर्माण झाली. ती शेवटपर्यंत टिकली.

पाचशे पौंडांची ठेव

१९४७ मध्ये सेंट थॉमसमध्ये समाजसेविका म्हणून काम करताना त्यांना डेव्हिड टास्मा हा रुग्ण भेटला. पोलंडमधला ज्यू निर्वासित, वय चाळीसच्या आसपास, लंडनमध्ये उपाहारगृहात वेटरचे काम करून पोट भरणारा. कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. लंडनमध्ये त्याचे म्हणावे असे कोणी नव्हते. पुढे त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवले, तेव्हा सिसिलीबाई तिथेही त्याला भेटायला जात राहिल्या. सुमारे दोन महिन्यांत त्या पंचवीसेक वेळा गेल्या असतील.

गजबजलेल्या, आवाजाने भरलेल्या वॉर्डात हे दोघे बोलत. आपले आयुष्य फुकट गेले, मागे काही राहिले नाही, ही त्या माणसाची खरी वेदना होती. अशा माणसांसाठी वेगळी जागा हवी, जिथे दुखणे थांबवता येईल आणि शांतपणे बोलताही येईल, असा विचार त्या दोघांच्या गप्पांतून आकाराला आला. फेब्रुवारी १९४८ मध्ये डेव्हिड गेला. त्याने मृत्युपत्राने सिसिलीबाईंना पाचशे पौंड ठेवले. कधी तरी त्या बांधतील त्या घरात आपण एक खिडकी असावे, अशी त्याची इच्छा होती.

आमचा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. ठेवी पुष्कळ पाहिल्या, त्यांचे व्याज काढण्यात हयात गेली. पण घर नाही, जमीन नाही, आराखडा नाही, आणि त्याच्या खिडकीचे पैसे मात्र आगाऊ जमा, अशी ठेव आमच्या पाहण्यात नाही. ती मुदत पूर्ण व्हायला एकोणीस वर्षे लागली.

तेहतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

डेव्हिड गेल्यानंतर त्या नोकरी सांभाळून संध्याकाळी बेजवॉटर भागातील सेंट ल्यूक रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. गरीब मरणासन्न रुग्णांसाठी हे जुने रुग्णालय होते. तिथल्या परिचारिका एक गोष्ट वेगळी करत. मॉर्फिन त्या तोंडाने देत आणि घड्याळ पाहून ठरावीक वेळाने देत. रुग्ण ओरडण्याची वाट पाहत नसत.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सिसिलीबाईंच्या पुढच्या कामाचा पाया हाच आहे. तेव्हाच्या बहुतेक रुग्णालयांत रुग्ण कळवळू लागला की इंजेक्शन देत. त्याचा असर चार तासांत उतरे. मग पुन्हा दुखणे, पुन्हा बेल वाजवणे, पुन्हा परिचारिकेची वाट पाहणे. रुग्णाचे सारे लक्ष पुढच्या सुईकडे लागलेले असे. डॉक्टर त्याला व्यसन लागले म्हणत आणि औषधात काटकसर करत. त्याने दुखणे आणखी वाढे. आधीचा डोस उतरण्यापूर्वीच पुढचा दिला तर दुखणे डोके वर काढत नाही. भीती जाते, औषधही थोडे पुरते, आणि माणूस जागा राहून घरच्यांशी बोलू शकतो.

सिसिलीबाईंना हे दिसले, पण त्या होत्या समाजसेविका. औषधांबद्दल त्यांचे कोण ऐकणार? त्या ज्यांच्या हाताखाली काम करत ते सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सरळ सल्ला दिला, की मरणाऱ्या रुग्णाला सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा हे बदलायचे असेल तर आधी डॉक्टर व्हा. १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या सेंट थॉमसच्याच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. आजूबाजूचे विद्यार्थी बारा-पंधरा वर्षांनी लहान. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

सेंट जोसेफची सात वर्षे

पुढच्याच वर्षी त्यांना सेंट मेरी रुग्णालयात संशोधनवृत्ती मिळाली आणि त्या पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम करू लागल्या. आयर्लंडच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी ही जागा चालवत. हॉस्पिस हा शब्द तेव्हा थकल्याभागल्या यात्रेकरूंच्या, निराधारांच्या आश्रयस्थानाला वापरत. आपल्याकडच्या धर्मशाळेच्या जवळचा. सिस्टर्सची सेवा मायेची होती, पण औषधोपचाराची शिस्त नव्हती.

सिसिलीबाईंनी ती आणली. घड्याळी मॉर्फिन सुरू केले. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली: दुखते कुठे, कधी, किती, कोणत्या औषधाने किती उतार पडला, झोप लागली का, खाणे गेले का. सात वर्षांत हजारावर रुग्णांच्या नोंदी झाल्या. रुग्णांची बोलणी त्यांनी टेपवर उतरवून घेतली. या नोंदींनी वैद्यकशास्त्रातला एक पक्का समज खोडून काढला. वेदनेसाठी नीट दिलेल्या मॉर्फिनमुळे रुग्ण व्यसनी होत नाहीत, त्यांचा डोस सतत चढत जात नाही, आणि ते गुंगीत पडून राहत नाहीत, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवले. १९५९ मध्ये त्यांनी परिचारिकांच्या एका नियतकालिकात लेखमाला लिहिली. तिला मिळालेला प्रतिसाद मोठा होता.

याच काळात त्यांनी संपूर्ण वेदनेची कल्पना मांडली. कर्करोगाच्या रुग्णाचे दुखणे एकट्या हाडाचे किंवा आतड्याचे नसते. शरीराचे असते, मनाचे असते, घरच्यांच्या काळजीचे आणि पैशाचे असते, आणि माझ्याच वाट्याला हे का, या प्रश्नाचेही असते. चारही बाजू पाहिल्याशिवाय औषध पुरे पडत नाही. आमचे ते सभासद भिंतीकडे तोंड करून पडत, त्याचा अर्थ आम्हाला हे वाचल्यावर लागला. त्यांना सगळे माहीत असणार. आम्ही मात्र त्यांच्यासमोर नाटक करत होतो, आणि त्या नाटकात त्यांनाही भाग घ्यावा लागत होता.

सेंट जोसेफमध्येच सिसिलीबाईंच्या आयुष्यातले एक मोठे दुःख घडले. अँटोनी मिखनिएविच हा तिथला रुग्ण, तोही पोलंडचाच. दोघांना एकमेकांबद्दल ओढ वाटू लागली, आणि हाती वेळ जेमतेम काही आठवडे. १९६० मध्ये तो गेला. लगोलग वडील गेले, एक जवळची मैत्रीणही गेली. दुःखाने त्या कोलमडल्या. मागे राहिलेल्यांचाही आधार रुग्णसेवेतच धरला पाहिजे, हे त्यांनी स्वतःवर बेतल्यावर ओळखले.

सेंट क्रिस्टोफर उभे राहते

१९५९ पासून त्यांनी नव्या संस्थेचा आराखडा लिहायला घेतला होता. तो त्या ओळखीच्या डॉक्टरांना, धर्मगुरूंना, सरकारी अधिकाऱ्यांना वाचायला देत आणि सूचनांप्रमाणे पुन्हा लिहीत. १९६१ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. पैसा लंडनमधल्या धर्मादाय निधींकडून आला, खासगी देणग्यांतून आला. आग्नेय लंडनच्या सिडनहॅम भागात जागा घेतली आणि १९६५ मध्ये बांधकाम सुरू झाले. जुलै १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडले. खाटा ५४. क्रिस्टोफर हा प्रवाशांचा संत मानतात, म्हणून हे नाव. प्रवेशद्वाराशी डेव्हिड टास्माची खिडकी बसवली.

इथे तीन कामे एका छताखाली होती: सेवा, संशोधन आणि शिक्षण. ही सांगड पूर्वी कुठे नव्हती. आधीच्या धर्मादाय घरांत सेवा होती पण शास्त्र नव्हते, आणि रुग्णालयांत शास्त्र होते पण मरणाऱ्याला वेळ द्यायला कोणी नव्हते. श्रद्धा ख्रिस्ती असली तरी दार सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या लोकांसाठी उघडे ठेवले. भेटीच्या वेळा सैल होत्या, मुलेही येत. १९६९ मध्ये घरी जाऊन सेवा देणारे पथक सुरू झाले, कारण बहुतेक माणसांना शेवटी आपल्याच अंथरुणावर असायचे असते. मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी काम उभारले. १९७१ मध्ये तरुण डॉक्टर रॉबर्ट ट्वायक्रॉस संशोधनासाठी आले. इंग्लंडमध्ये वेदनेसाठी हेरॉइन हेही औषध म्हणून वापरत आणि ते मॉर्फिनपेक्षा श्रेष्ठ मानत. तोंडाने दिल्यास दोहोंत फारसा फरक पडत नाही, हे ट्वायक्रॉस यांनी तपासून दाखवले. ज्या देशांत हेरॉइनला औषध म्हणून परवानगी नव्हती, त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा ठरला. साधे मॉर्फिन पुरते हे सिद्ध झाले.

पत्रे, प्रवास आणि पाहुणे

सिसिलीबाईंचे काम लंडनच्या एका इमारतीपुरते राहिले नाही, याचे कारण त्यांची सहकार्याची रीत. त्या पत्रे लिहीत, आणि भरपूर लिहीत. कोणत्याही देशातल्या डॉक्टरने, परिचारिकेने काही विचारले की उत्तर जाई. त्यांच्या निवडक पत्रांचा जाडजूड ग्रंथच पुढे निघाला. आम्ही बँकेत इनवर्ड-आउटवर्ड रजिस्टरे सांभाळली, त्यामुळे या गोष्टीचे आम्हाला विशेष वाटले. चळवळी भाषणांवर उभ्या राहतात असे आपल्याला वाटते, ही बरीचशी टपालावर उभी राहिली.

१९६३ मध्ये, हॉस्पिसची वीटही बसलेली नसताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या वेदनातज्ज्ञांना भेटल्या, त्यांच्या पद्धती समजून घेतल्या, आपल्या नोंदी दाखवल्या. येल विद्यापीठात त्यांचे व्याख्यान झाले. ते ऐकून तिथल्या परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता फ्लॉरेन्स वॉल्ड इतक्या भारावल्या की पुढे त्यांनी ते पद सोडले, सेंट क्रिस्टोफरला येऊन प्रत्यक्ष काम शिकल्या, आणि १९७४ मध्ये कनेटिकट राज्यात अमेरिकेतले पहिले आधुनिक हॉस्पिस सुरू करण्यात पुढाकार घेतला.

१९७३ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलचे सर्जन बाल्फोर माउंट लंडनला आले, राहिले, शिकले. १९७५ मध्ये त्यांनी रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातच असा विभाग काढला. माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलतात आणि फ्रेंचमध्ये हॉस्पिस या शब्दाला अनाथालयासारखा हलका अर्थ आहे. म्हणून त्यांनी पॅलिएटिव्ह केअर हे नाव घेतले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांघरूण, झगा. रोग बरा करता येत नसेल तरी रुग्णावर पांघरूण घालता येते. आपण मराठीत उपशामक सेवा म्हणतो, तीच ही. एका भाषेची अडचण सोडवताना साऱ्या जगाला नाव मिळाले.

१९७८ मध्ये त्या पोलंडला गेल्या आणि तिथल्या डॉक्टरांसमोर बोलल्या. ज्या देशाच्या दोन माणसांनी त्यांना हे काम शिकवले त्या देशाचे हे एक परीने ऋण फेडणे होते. काही वर्षांतच क्राको शहरात हॉस्पिससाठी संस्था स्थापन झाली. १९८१ मध्ये जपानमध्ये हामामात्सू येथे हॉस्पिस सुरू झाले. प्रत्येकाने आपापल्या देशाप्रमाणे बदल केले. सिसिलीबाईंनी सेंट क्रिस्टोफरच्या शाखा काढल्या नाहीत. लोकांनी यावे, शिकावे, आणि घरी जाऊन आपले उभारावे, हेच धोरण ठेवले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये इटलीतल्या मिलान येथे तज्ज्ञांना एकत्र बसवले. त्यातून १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेवरची छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, पुरली नाहीत तर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, तरीही दुखणे राहिले तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाने. सेंट ल्यूकच्या परिचारिकांची ती जुनी रीत आता साऱ्या जगाची झाली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये उपशामक वैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखेची मान्यता मिळाली.

आपल्याकडे

१९८६ मध्येच मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले, भारतातले पहिले हॉस्पिस. संस्थापक कर्करोगतज्ज्ञ सर्जन डॉ. लुईस डिसोझा. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्यांची केंद्रे झाली. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. त्यांना हात दिला तो इंग्लंडच्या परिचारिका गिली बर्न यांनी आणि तेव्हा ऑक्सफर्डला असलेल्या डॉ. ट्वायक्रॉस यांनी. हे तेच, सेंट क्रिस्टोफरमध्ये संशोधन केलेले. १९९४ मध्ये भारतीय उपशामक सेवा संघटना स्थापन झाली.

केरळने मात्र लंडनची नक्कल केली नाही. चोपन्न खाटांची इमारत, त्यामागे देणग्या आणि सरकारी निधी, हे आपल्या देशात गावोगावी परवडणारे नाही. सिसिलीबाईंच्या पद्धतीवर ही टीका रास्तच आहे. केरळच्या लोकांनी शेजारी-पाजारी तयार केले. निवृत्त शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, महाविद्यालयीन मुले आठवड्यातले काही तास देतात, परिचारिका घरी जाते, डॉक्टर लागेल तेव्हा जातो. खर्चाला लोक थोडे थोडे पैसे देतात. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केले.

मॉर्फिनची कथा अधिक खेदाची आहे. आपला देश कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी. इंदूरच्या आपल्या मंडळींना मंदसौर-नीमचची अफूची शेते परिचित आहेत, नीमचला सरकारी कारखानाही आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात परवाने इतके किचकट झाले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच शिकून बाहेर पडल्या. डॉ. राजगोपाल आणि इतरांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन औषधी वापराचे नियम सोपे झाले. कागदावरचा नियम बदलला तरी मनातली भीती जायला वेळ लागतो.

आपल्या हैदराबादेत रेड हिल्सच्या एम.एन.जे. कर्करोग संस्थेत डॉ. गायत्री पालट यांनी कॅनडातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या सहकार्याने हा विभाग उभारला. तिथे मोठ्यांबरोबर लहान मुलांचीही सेवा होते, आणि डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण मिळते. लंडनहून माणसे कॅनडाला शिकून गेली, आणि कॅनडाची माणसे आपल्या गावात आली. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटे.

शेवटची वर्षे

सिसिलीबाईंच्या खासगी आयुष्यात पोलंड पुन्हा एकदा आले. १९६३ मध्ये त्यांनी एका प्रदर्शनात मेरियन बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराचे चित्र विकत घेतले आणि त्याला आभाराचे पत्र लिहिले. त्यातून ओळख झाली. १९८० मध्ये दोघांनी लग्न केले, तेव्हा त्या एकसष्ट-बासष्टच्या आणि नवरदेव ऐंशीच्या घरात. मेरियन यांची चित्रे सेंट क्रिस्टोफरच्या भिंतींवर लागली. १९९५ मध्ये ते तिथेच, पत्नीच्या देखरेखीखाली गेले.

मान पुष्कळ मिळाले: १९७९ मध्ये डेम हा किताब, १९८१ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. १९८५ पर्यंत त्या वैद्यकीय संचालक होत्या, नंतरही संस्थेत रोज डोकावत. स्वभाव आग्रही होता, मत ठाम असे, सोबत काम करणे सर्वांना सोपे जात नसे. इच्छामरणाच्या कायद्याला त्यांचा कायम विरोध राहिला. दुखणे थांबले आणि एकटेपणा गेला की मरणाची मागणी बहुधा मागे पडते, असा त्यांचा अनुभव होता. यावर आमच्यातही एकमत नाही, पण दुखणे न थांबवताच वाद घालणे चूक, हे सर्वांना पटले.

पुढे त्यांना स्वतःलाच कर्करोग झाला. १४ जुलै २००५ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनीच उभारलेल्या सेंट क्रिस्टोफरमध्ये त्यांचे निधन झाले. इतर रुग्णांना जी सेवा मिळत होती तीच त्यांना मिळाली.

आपण काय करावे

हे सारे वाचून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या मंडळापुढे ठेवतो. आपल्या घरात कोणी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले असेल आणि डॉक्टरांनी आता काही उरले नाही म्हटले, तर तेवढ्यावर थांबू नका. वेदना कमी करण्यासाठी काय करता येईल, हे वेगळे विचारा. मॉर्फिनचे नाव निघाले तर घाबरून नकार देऊ नका, डॉक्टरांना शंका विचारा. आजारी माणसाला सर्व सांगावेच असा हट्ट आमचा नाही, पण तो विचारू लागला तर विषय बदलू नका.

मंडळाने उपशामक सेवेच्या माहितीची एक वही कार्यालयात ठेवावी, आणि वर्षातून एकदा या क्षेत्रातल्या डॉक्टरांचे किंवा परिचारिकेचे व्याख्यान ठेवावे, अशी आमची विनंती आहे. कोजागरीच्या कार्यक्रमाआधी तास मिळाला तरी पुरे. भेटीला जाण्यासाठी आम्ही चौघांनी नावे दिली आहेत. कोणाला सोबत यायचे असेल तर संध्याकाळी बागेत भेटा.

त्या सभासदांच्या घरी परवा वर्षश्राद्धाला गेलो होतो. मुलाने जेवणे झाल्यावर आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, की तुम्हाला वाटते का बाबांना कळले होते म्हणून. आम्ही हो म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की त्यालाही तसेच वाटत होते. मंडळाच्या वहीतले पहिले पान तोच लिहून देणार आहे.